तुडतुड्यांचं वेळापत्रक

बुरशी आलेला भात फ्रिजमध्ये ठेवायचा आहे, थोडी जागा करा, असं मी म्हणालो तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे न बघता माझ्या बायकोकडे बघितलं. आपण आपली मुलगी नक्की कुणाच्या गळ्यात बांधली, हा प्रश्न त्यांना लग्नापासून अधूनमधून पडत असावा. त्या दिवशी त्याचं उत्तर मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"बुरशी आलेला भात फेकायचा असतो," त्या म्हणाल्या.

"हा फेकायचा नाही. हा प्रयोगशाळेतून आणलाय. मुद्दाम बुरशी वाढवलीय त्याच्यावर."

"भाताला बुरशी आणायला प्रयोगशाळा लागते? मी एकदा दोन दिवस गावाला गेले होते, तर तुम्ही घरच्या घरी आणली होती."

हा टोमणा मी गिळला. वर्गात चाळीस वात्रट पोरांसमोर ठेवतो तसा आवाज शांत ठेवून मी सांगितलं, की ही मित्रबुरशी आहे, ती पिकाला काही करत नाही, नुसते किडे मारते. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरात किडे नाहीत," आणि फ्रिजचं दार लावून घेतलं.

किडे शेतात होते. शेत सासऱ्यांचं, म्हणजे अप्पांचं. गावाबाहेर कालव्याच्या पलीकडे त्यांची भाताची एक लांबट पट्टी आहे. भात पोटरीवर यायच्या, म्हणजे पोटात कणीस धरायच्या सुमाराला अप्पा बांधावरून घसरले, पाय मोडला, आणि प्लास्टर घालून आमच्या पुढच्या खोलीत येऊन पडले. मागोमाग सासूबाई आल्या. त्यांच्या मागोमाग गोडाऊनवाला येऊ लागला. हा एक अत्यंत हसतमुख गृहस्थ. त्याला त्या पट्टीवर गोडाऊन बांधायचं होतं. तो अप्पांच्या प्रकृतीची चौकशी इतक्या मायेने करायचा, की पाय बरा होतोय म्हटल्यावर त्याचा चेहरा किंचित उतरायचा तेवढंच.

अप्पा विकायला जवळजवळ तयार झाले होते. परगावी असलेला माझा मेहुणा फोनवरून "विकून टाका आणि आराम करा" असा धोशा लावून होता. पण अप्पांचं दुखणं वेगळंच होतं. ते एकदा जेवताना म्हणाले, "माझ्यानंतर ते बघणार कोण? तुमच्यापैकी एकाला तरी भात आणि गवत वेगळं ओळखता येतं का?" बायको उठून मोरीत गेली आणि नळ सोडून रडली. त्या बांधावर ती चालायला शिकली होती. नळाच्या आवाजात रडणं ऐकू येत नाही, अशी तिची समजूत आहे. मी इतकी वर्षं ती मोडलेली नाही.

दुसऱ्या दिवशी ती शेतावर जाऊन आली आणि म्हणाली, बुंध्याशी तुडतुडे झालेत. तपकिरी, बारीक, हात लावला की टणाटण उड्या मारणारे. ते रस शोषतात आणि चांगलं हिरवं पीक जागच्या जागी वाळवतात. गेल्या वर्षी अप्पांनी जहाल औषध मारलं होतं. त्याने किडे खाणारे कोळी तेवढे मेले आणि तुडतुडे दुप्पट जोमाने परत आले. "आता पुन्हा ते नको," बायको म्हणाली. "पण काहीतरी करायला हवं. हे पीक गेलं तर अप्पा सही करून मोकळे होतील."

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मी बघतो."

अप्पा पडल्यापासून पहिल्यांदाच हसले. पाय हलला, कळ आली, तरी हसत राहिले. "तुम्ही? जावईबापू, तुम्ही?"

हे मला लागलं. कारण मी म्हणजे काही अगदी हा नव्हे. मी शाळेत भूगोल शिकवतो हे सोडा, भूगोल कुणीही शिकवतो. पण शाळेचं वेळापत्रक मी करतो. मुख्याध्यापिका बदलल्या, फळे बदलले, घंटासुद्धा बदलली, पण वेळापत्रक माझ्याच हातात राहिलं. कोण रजेवर गेलं, कुठे बदली तास द्यायचा, कुठल्या दोन तुकड्या एकत्र बसवायच्या, हे मला झोपेतून उठवून विचारा. आणि फवारणीत म्हणे सगळी गंमत वेळेचीच असते. मग अजून काय हवं?

प्रयोगशाळेच्या खिडकीवरच्या गृहस्थांना मात्र अजून बरंच काही हवं होतं.

"शेतकरी कुठेय?"

"पलंगावर."

"त्यांना आणा. पाकीट शेतकऱ्यालाच मिळतं."

"त्यांचा पाय प्लास्टरमध्ये आहे."

"मग प्लास्टरसकट आणा."

आम्ही अप्पांना खुर्चीसकट मालवाहू टेंपोत घातलं, खुर्ची दोरीने बांधली आणि भर बाजारातून प्रयोगशाळेत नेलं. वाटेत ओळखीचे दोघंतिघं नमस्कार करायला थांबले. अप्पांनी टेंपोतून मान डोलावून सगळ्यांचे नमस्कार घेतले. मी मागे हौद्यात खुर्ची धरून बसलो होतो. मला कुणी नमस्कार केला नाही. खिडकीवरच्या गृहस्थांनी मान बाहेर काढून अप्पांकडे पाहिलं, "ठीक आहे," म्हणाले, आणि जेवायला गेले.

ते परत येईपर्यंत आतल्या सल्लागार बाईंनी मला बसवून सगळं समजावलं. चष्मा लावलेल्या, कमी बोलणाऱ्या, माझ्याहून वयाने पुष्कळ लहान. "भाताच्या दाण्यांवर वाढवलेली बुरशी आहे. थंड जागी ठेवा. फवारायच्या आधी पाण्यात कालवून फडक्यातून गाळून घ्या. संध्याकाळी फवारा. हवा दमट हवी. पिल्लं लहान असताना फवारा, एकदा पंख फुटले की उडून जातात. आणि बुंध्याशी फवारा. लक्षात राहील?"

"बाई, मी शिक्षक आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच विचारलं," त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी फवारणीचं वेळापत्रक आखलं. आडवे रकाने, उभे रकाने, लाल शाईत शीर्षक. गुरुवारी संध्याकाळी फवारणी. ते मी फ्रिजच्या दारावर चिकटवलं. आत, बायकोच्या मध्यस्थीने, सर्वांत खालच्या कप्प्यात बुरशीला जागा मिळाली होती. सासूबाईंनी त्या कप्प्यातलं बाकी सगळं वर हलवलं आणि मधे स्टीलचं ताट आडवं लावलं.

गुरुवारी सकाळी शाळेत सूचना आली, की संध्याकाळी पालकसभा आहे. एखादा नवखा माणूस गडबडला असता. मी शांतपणे तासांची अदलाबदल केली. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास मला मोकळा होता. पालकसभा संध्याकाळी, फवारणी दुपारी. असे पेच मी उभ्या उभ्या सोडवतो. झाडांना ऊन आवडतं, बुरशी म्हणजे झाडांचीच कुणीतरी लांबची नातलग, तिला का आवडू नये, असा विचारही मी केला होता. विचार न करता मी काही करत नाही.

पंप पाठीवर चढवल्यावर कळलं, की तो गळतो. डोक्यावर ऊन मी म्हणत होतं, पाठीवरून बुरशीचं पाणी शाळेच्या पँटीत उतरत होतं आणि मी एका हाताने दांडा मारत, दुसऱ्या हाताने पानांवर वरून छान, सढळ हाताने फवारत होतो. गोडाऊनवाला बांधावर उभा होता. त्याच्या हातात मोजायची टेप होती.

"छान चाललंय सर," तो म्हणाला. "चालू द्या. जरा ते टोक धरता का?"

मी भिडेखातर टोक धरलं. याबद्दल बायको माझ्याशी नंतर बराच वेळ बोलली नाही.

आठवड्याने जाऊन बघतो तर तुडतुडे खुशाल होते. काहींनी तर बाळसं धरलं होतं. आणि मधोमध एका जागी भात गोल वाळून गेला होता, पेंढ्यासारखा. मी बाईंकडे गेलो.

"कधी फवारलंत?"

"पाचव्या तासाला."

"म्हणजे?"

"दुपारी. अदलाबदल करावी लागली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "सर, ही बुरशी उन्हात मरते. किड्याच्या अंगावर रुजायला तिला रात्रभराचा ओलावा लागतो. म्हणून तर संध्याकाळ. आणि वरून कुठे फवारलंत, ते बसतात खाली. मी एवढं समजावून सांगितलं होतं."

हे शेवटचं वाक्य मी वर्गात रोज म्हणतो. ते ऐकायला इतकं वाईट लागतं, हे मला माहीत नव्हतं.

दुसरं पाकीट आणलं तेव्हा मी पक्कं ठरवलं होतं, की या वेळी संध्याकाळ चुकवायची नाही आणि बुंधाही चुकवायचा नाही. दोन्ही चुकवले नाहीत. पण मधे खालच्या मजल्यावरचे कंपाउंडर आले. हे निवृत्त झाल्यापासून दिसेल त्या सजीवावर उपचार करतात. जिन्यात मी हातात भाताचं पान घेऊन भेटलो, तसं त्यांनी ते काढून घेतलं, उजेडात धरलं आणि जीभ टाळ्याला लावून च् च् केलं.

"याच्यावर ठिपके आहेत."

"असतील."

"असतील काय? रोग आहे हा. माझ्या भाच्याकडची बाटली पडलीय घरात. तुम्ही तुडतुड्यांचं मारणारच आहात ना? त्यातच हे घाला. एका फेरीत दोन कामं."

एका फेरीत दोन कामं. वेळापत्रक करणाऱ्या माणसाला यापेक्षा गोड काही ऐकू येत नाही. शिक्षक कमी असले की मी अ आणि ब तुकडी एका वर्गात बसवतो. तास वाचतो, कुणाचं काही बिघडत नाही. मी दोन्ही एकाच पंपात ओतलं, छान ढवळलं, आणि मावळतीला बुंध्याबुंध्याशी वाकून सगळी पट्टी फवारली. कंबर मोडली, पण मन तृप्त होतं.

आठवड्याने वाळलेले गोल दोन झाले होते. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाटलीवर काय लिहिलं होतं, सर?"

"बुरशीनाशक."

"आणि पाकिटात काय होतं?"

मी खिडकीबाहेर बघू लागलो. आमच्या वर्गात उत्तर येत नसलेली मुलं बघतात त्याच दिशेला.

घरी सासूबाईंनी हे दोनदा समजून घेतलं. "म्हणजे बुरशी मारायच्या औषधाने तुम्ही बुरशीच मारलीत?"

"हो."

"मग इतके दिवस माझा फ्रिज कशाला अडवला होता? ती मीच मारली असती, फुकटात."

अप्पा हसले नाहीत. भिंतीकडे बघत म्हणाले, "येता रविवार सोडून पुढच्या रविवारी येऊ दे त्या गोडाऊनवाल्याला. कागद घेऊन येऊ दे."

बायको मला ओरडली असती तर बरं झालं असतं. ती गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. ती म्हणाली, "मला तुमचा राग नाही आला. तुम्ही 'मी बघतो' म्हणालात तेव्हा वाटलं होतं, नुसतं बोलून गेलात. मग तुम्ही खरंच चिखलात उतरलात, पँटी खराब करून आलात, आणि मला आशा लागली. ती लागायला नको होती."

मला फार वाईट वाटलं. मी आत गेलो आणि फ्रिजवरचं वेळापत्रक काढून टाकलं. कुणी बघत नव्हतं, सहानुभूती मिळायची सोय नव्हती, तरी काढलं.

प्रयोगशाळेत शेवटचंच पाकीट उरलं होतं. खिडकीवरच्या गृहस्थांनी अप्पांना पुन्हा आणायला सांगितलं नाही. माझा चेहरा बघून त्यांनी ते गुपचूप पुढे सरकवलं. बाई म्हणाल्या, "आता नवी पिल्लं निघालीयत. पंख फुटायच्या आत मारलंत तर उरलेलं पीक वाचेल."

"कुठल्या वारी मारू?"

"वार मी सांगणार नाही. वारा पडेल, आभाळ दाटून येईल, पण पाऊस नसेल, त्या संध्याकाळी."

"तरी साधारण?"

"सर," बाई म्हणाल्या, "हवेला तुमची घंटा ऐकू येत नाही."

घरी आलो तर वीज गेलेली. फ्रिज बंद, बाहेर उकाडा, हातात शेवटचं पाकीट. मी दारातच उभा राहिलो. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, अप्पांच्या खोलीकडे बघितलं, आणि माझ्या हातातून पाकीट घेतलं. ते डब्यात घातलं, डबा मातीच्या भांड्यात ठेवला, भोवती ओलं फडकं गुंडाळलं आणि मोरीशेजारच्या गार कोपऱ्यात ठेवलं. वीज दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आली नाही. त्या उठून उठून फडकं ओलं करत होत्या. एकदा मी त्यांना भांड्याशी वाकून बोलताना ऐकलं. "धीर धर गं जरा," असं काहीतरी होतं. मी ऐकलं नाहीसं दाखवलं.

हवा मात्र अडून बसली. रोज संध्याकाळी कोरडा वारा सुटायचा. मी आणि बायको पंप घेऊन बांधावर उभे राहायचो आणि तसेच परत यायचो. कंपाउंडर जिन्यात काही सुचवायला तोंड उघडायचे, तेवढ्यात मी वर पोचलेलो असायचो. रविवार जवळ येत होता, आणि त्याच्या आठवडाभर आधी आमच्या शाळेची तपासणी होती.

तपासणीला आलेली मंडळी मोठ्या टेबलाभोवती बसली होती. भिंतीवर माझं वेळापत्रक टांगलं होतं, मुद्दाम मोठ्या कागदावर काढलेलं. मी छडीने दाखवून सांगत होतो, की या शाळेत आजवर एकही तास रिकामा गेलेला नाही. मुख्याध्यापिका अभिमानाने मान हलवत होत्या. इतक्यात खिशात फोन थरथरला. बायकोचा होता. ती शाळेच्या वेळात कधीच फोन करत नाही, म्हणून मी घेतला.

"वारा पडलाय," ती म्हणाली. "सकाळचे कपडे अजून ओले आहेत दोरीवर. आईने भात पाण्यात कालवायला घेतलाय. मी पंप घेऊन पुढे निघते."

मी खिडकीबाहेर बघितलं. आभाळ खाली आलं होतं आणि झाडाचं एक पान हलत नव्हतं.

"मॅडम, मला निघावं लागेल," मी म्हणालो.

"कुठे?"

"शेतावर. फवारणी आहे."

मुख्याध्यापिकांनी पाहुण्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. दबक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, शेवटचा तास तुमचाच आहे. तुकडी वाट बघतेय."

"तो आज रिकामा जाईल," मी म्हणालो. छडी टेबलावर ठेवली आणि बाहेर पडलो. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी असा कधी निघालो नव्हतो. उद्या काय ऐकावं लागणार, ते मला शब्दाशब्दाने माहीत होतं.

बांधावर सासूबाई बसल्या होत्या. आपल्या ठेवणीतल्या मलमलीच्या कापडातून त्या बुरशीचं हिरवट पाणी गाळत होत्या. त्या कापडाला आजवर कुणाला हात लावू देत नसत. बायकोने पंप तीनदा धुऊन ठेवला होता. मी तपासणीसाठी घातलेल्या कपड्यांनिशी चिखलात उतरलो. ओळीमागून ओळ, वाकून, बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर. माझी कंबर धरली की बायको पंप घ्यायची, तिचा खांदा दुखला की मी. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. हवा इतकी दमट होती, की चष्मा पुसून पुसून मी शेवटी खिशात टाकला. शेवटची ओळ झाली तेव्हा दिवस मावळला होता, आणि पाऊस काही पडला नाही.

मग काहीच करायचं नव्हतं. ही बुरशी काम करते, पण आपल्या चालीने. मधल्या दिवसांत शाळेत मला जे ऐकवलं गेलं ते इथे सांगण्यात अर्थ नाही. शेतावर जाऊन बघायचा मला धीर झाला नाही. बायकोलाही झाला नाही.

रविवारी गोडाऊनवाला कागद घेऊन आला. सोबत पेन होतं, शाई तपासून आणलेलं. अप्पा म्हणाले, "सही करतो. पण आधी एकदा डोळ्यांनी बघून घेतो." पुन्हा टेंपो, पुन्हा खुर्ची, पुन्हा दोरी. गोडाऊनवाल्याने खुर्ची उचलायला आनंदाने हात लावला. बांधावर खुर्ची टेकवली तेव्हा अप्पांनी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेने मोजली. वाळलेले गोल दोनच होते, होते तेवढेच. भोवतीचा भात हिरवा होता आणि लोंब्या बाहेर पडू लागल्या होत्या.

"त्या गोलाच्या कडेचा एक चुड उपटून आणा," अप्पा मला म्हणाले.

मी उतरलो. कडेला गवत माजलं होतं, त्यातून भाताचा चुड, म्हणजे रोपांचा झुबका, बरोबर हुडकून उपटला आणि नेऊन दिला. अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवून तो डोळ्यांशी नेला. बुंध्याला तुडतुडे चिकटलेले होते, पण एकही उडी मारत नव्हता. अंगावर पांढरी हिरवट लव. अप्पांनी तो चुड सासूबाईंकडे दिला. जन्मभर बुरशीशी भांडलेल्या त्या बाईने तो उलटसुलट करून बघितला. "चांगली धरलीय," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसले.

अप्पांनी कागद न उघडताच गोडाऊनवाल्याला परत दिले. "नाही विकायचं."

"अहो, पण तुम्हीच म्हणत होता," गोडाऊनवाला काकुळतीला आला, "की तुमच्यानंतर हे बघणारं कुणी नाही."

"तेव्हा नव्हतं," अप्पा म्हणाले. "आता आहे."

मी मागे वळून बघितलं, मेहुणा आला की काय. मागे लांबपर्यंत नुसता बांध होता. परत वळलो तर अप्पा, सासूबाई आणि माझी बायको, तिघंही माझ्याकडेच बघत होते.